एसीचं बटण वारंवार बिघडतंय? पॅनल उघडा, पण दोष केबलच्या दुसऱ्या टोकाला शोधा

तक्रार साधारण अशी असते. टेंपरेचरचं बटण निळ्या टोकाला आहे, ब्लोअर जोरात चालतोय, पण जाळीतून हवा येतेय ती कोमट. किंवा पाऊस लागल्यावर हवा समोरच्या काचेवर वळवायला जावं, तर बटण अर्ध्यात अडतं. जरा जोर लावला की ‘कट्’ असा आवाज होतो आणि मग ते भलतंच मोकळं फिरायला लागतं. गॅरेजमध्ये पॅनल उघडून केबल पुन्हा अडकवून देतात. काही महिने बरे जातात आणि परत तेच.

फिरवायच्या गोल बटणांच्या, केबलवर चालणाऱ्या एसीबद्दल हे लिहितोय. आपल्याकडच्या बहुतेक लहान हॅचबॅक, जुन्या सेडान आणि व्हॅनमध्ये हीच व्यवस्था असते. पूर्ण ऑटोमॅटिक एसीची गोष्ट वेगळी, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आधी मुद्द्याचं सांगतो. केबल बटणाजवळ सुटते, कारण तिला धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप हा त्या सगळ्या साखळीतला सर्वांत नाजूक भाग असतो. पण ती क्लिप आपण होऊन सुटत नाही. पलीकडे, एसीच्या डब्यावर (डॅशबोर्डच्या आतला, हवा गार-गरम करून वळवणारा डबा), जी दांडी ही केबल ओढते ती जड झालेली असते, नाहीतर मधे कुठेतरी केबल दबलेली असते. बटणावर लावलेला जोर पलीकडे पोचत नाही, मग तो क्लिपवर येतो आणि क्लिपचे दात झिजतात. नुसती क्लिप बसवून दिली तर कारण तसंच राहतं, म्हणून दुखणं फिरून येतं. पॅनल काढणं हे कामाचं अर्धंच. उरलेलं अर्धं काम डॅशबोर्डखाली डोकं घालून करावं लागतं.

गॅस भरण्याआधी या दोन गोष्टी बघा

थंड हवा येत नाही म्हटलं की एसीवाला बहुतेक वेळा एकच सांगतो, “साहेब, गॅस कमी झालाय, भरून टाकू.” कधी कधी ते खरंही असतं. पण गॅस चालवून चालवून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो आणि कमी झाला तर कुठून तरी गळलेला असतो. दर उन्हाळ्यात गॅस भरायला लागत असेल तर एक तर गळती आहे, नाहीतर दोष गॅसचा नाहीच.

गाडीत येणारी सगळी हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते. मग तिच्या वाटेत एक झडप असते. ती पूर्ण बंद असेल तर हवा थेट जाळीकडे येते. उघडली की हवेचा काही भाग हीटर कॉइलमधून फिरून येतो आणि त्या कॉइलमध्ये इंजिनचं गरम पाणी खेळत असतं. टेंपरेचरचं बटण ही झडप हलवतं, एसीचं मशीन कमी-जास्त करत नाही. झडप अर्धी उघडी राहिली की कॉम्प्रेसर कितीही जीव तोडून काम करो, थंड हवेत गरम हवा मिसळत राहते.

म्हणून पहिली तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना करा. गाडी सुरू करून लगेच एसी लावा. पहिली पाच-सात मिनिटं कूलिंग छान आलं आणि इंजिनच्या टेंपरेचरचा काटा वर चढत गेला तसतशी हवा कोमट होत गेली, तर संशय झडपेवर घ्या. हीटर कॉइल गरम व्हायला तेवढा वेळ लागतो. गॅस कमी असेल तर सहसा पहिल्यापासूनच कूलिंग बेताचं असतं.

दुसरी तपासणी बॉनेट उघडून. एसी चालू ठेवून थोडा वेळ जाऊ द्या आणि इंजिन व केबिनमधल्या भिंतीतून आत जाणाऱ्या एसीच्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या बघा. त्यातली जाड नळी हाताला चांगली गार लागत असेल, तिला बाहेरून घाम सुटला असेल, आणि आत मात्र हवा कोमट असेल, तर कूलिंग तयार होतंय आणि वाटेत बिघडतंय. हात लावताना पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ जाऊ नका. रेडिएटरचा पंखा मधेच सुरू होतो. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं काही असेल तर आधी बाजूला करा.

हवेची दिशा बदलत नसेल तर यातलं काही बघायची गरज नाही. तिथे केबल, कॅम प्लेट (झडपा हलवणारी खाचांची चकती) किंवा झडप यांच्यापैकीच कुणाचा तरी दोष असतो. हा दोष पुढे ढकलू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. जुलैत ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात पाऊस आणि ढग एकदम उतरतात, काच आतून पांढरी होते, आणि त्या वेळी हवा काचेवर वळली नाही तर समोरचं वळण दिसत नाही. लोक एका हातानं फडकं फिरवत, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरून घाट उतरतात. हे थांबायला हवं.

उघडण्याआधी

गाडी सपाट जागी, सावलीत उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. मधलं पॅनल काढताना गिअरची दांडी आड येते, म्हणून ती मागे येईल अशा, म्हणजे दुसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये घेऊन ठेवा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर बॅटरी सोडायच्या आधीच दांडी खाली घ्या, कारण वीज गेल्यावर बऱ्याच गाड्यांत ती ‘पी’मधून हलत नाही. नंतर चावी काढून बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह तार सोडा. बहुतेक गाड्यांना त्यासाठी १० नंबरचा पाना लागतो.

बॅटरी सोडणं हे नुसतं शॉर्ट सर्किट टाळण्यासाठी नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे आणि त्यानंतर शेजारच्या सीटचीही झाली. म्हणजे अलीकडच्या जवळपास प्रत्येक गाडीत डॅशबोर्डच्या मागून एअरबॅगच्या वायरी जातात. बॅटरी सुटल्यावरही त्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली असते. किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं; पुस्तक हाताशी नसेल तर किमान १० मिनिटं थांबा. आत पिवळ्या रंगाचे सॉकेट किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या समजा. त्यांना सोडायचं नाही, ओढायचं नाही, त्यांच्यात टेस्टर किंवा मल्टीमीटर घालायचं नाही.

स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, आणि काही गाड्यांत एका दाबात खाली-वर होणाऱ्या काचाही पुन्हा शिकवाव्या लागतात.

हत्यारं फार लागत नाहीत. स्टार स्क्रू ड्रायव्हर एक लांब आणि एक बुटका, ८ आणि १० नंबरचे सॉकेट, डोक्याला लावायचा टॉर्च, लांब चिमटा, आणि प्लास्टिकच्या किंवा नायलॉनच्या पट्ट्यांचा सेट. या पट्ट्यांवर पैसे वाचवू नका. चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून पॅनल उचकटलं की कडेला पांढरा चरा उमटतो आणि तो गाडी विकेपर्यंत डोळ्यासमोर राहतो. आजूबाजूच्या पॅनलच्या कडांना कागदी टेप लावा. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी हे काम करू नका. गार प्लास्टिक कडक होतं आणि क्लिपांचे कान तुटतात. कोवळ्या उन्हात गाडी थोडी तापू द्या, मग सुरू करा.

पॅनल काढताना

गाडीगणिक क्रम बदलतो, पण ढाचा सारखाच. सर्वांत वर एक शोभेची चौकट असते, जिच्यात एसीच्या जाळ्या आणि धोक्याच्या दिव्याचं बटण असतं. ती बहुधा क्लिपांवरच असते, पण कुठेतरी एक-दोन स्क्रू लपलेले असतात: ॲश ट्रेच्या मागे, रबरी मॅटखाली, कप्प्याच्या वरच्या कडेला. चौकट सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी स्क्रू शोधा. क्लिपांना एका सरळ ओढीत सुटायची सवय असते. न सुटणारी बाजू म्हणजे स्क्रू राहिलेली बाजू.

त्याआधी बटणं काढून घ्या. बऱ्याच गाड्यांत ती सरळ बाहेर ओढली की निघतात. बटणामागे मऊ फडकं गुंडाळून दोन्ही बाजूंनी सारखं ओढा. निघालेल्या बटणाच्या आतलं भोक बघा, ते इंग्रजी डी अक्षरासारखं एका बाजूनं सपाट असतं. त्याला तडा गेला असेल तर बटण नुसतंच फिरतं आणि दांडी जागची हलत नाही. असं असेल तर बाकीचं सगळं ठीक असण्याची शक्यता आहे आणि नवं बटण घातलं की तात्पुरतं काम होतं. पण तडा का गेला, हा प्रश्न उरतोच, म्हणून केबल किती जड आहे ते तरीही बघा.

चौकट ढिली झाली की धसमुसळेपणानं ओढू नका. मागे धोक्याच्या दिव्याच्या बटणाची वायर असते. सॉकेटच्या कडेचा छोटा कान दाबून ते सोडवा. वायर धरून ओढायचं नाही. मग स्टिरिओचे स्क्रू, आणि त्याखाली एसीच्या कंट्रोलचे, म्हणजे बटणं ज्यावर बसलेली असतात त्या भागाचे स्क्रू. स्क्रू काढण्याआधी खालच्या पोकळीत एखादं फडकं कोंबून ठेवा. तिथे पडलेला स्क्रू शोधायला नंतर जेवढा वेळ जातो तेवढ्यात निम्मं काम झालं असतं. एका पुठ्ठ्यावर पॅनलचं साधं चित्र काढून, जो स्क्रू जिथला तिथेच टोचून ठेवला तर लांब स्क्रू आखूड भोकात जात नाही. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की मागची वायर सोलतो.

कंट्रोल मोकळा झाला तरी तो वीतभरही बाहेर येत नाही, कारण केबली तेवढ्याच लांबीच्या असतात. इथे बहुतेक जण ओढतात आणि चांगली असलेली केबलही मुडपते. चार बोटं बाहेर आला की थांबा, टॉर्च मारा, मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोणती केबल कोणत्या दांडीला आणि वरच्या खुंटीला की खालच्या, हे नंतर आठवत नाही. काही जुन्या गाड्यांत तर कंट्रोल बाहेर काढण्यासाठी आधी डब्याच्या बाजूनंच केबली सोडाव्या लागतात.

खरी तपासणी इथे आहे

केबलची रचना साधी असते. वरचं आवरण क्लिपमध्ये घट्ट धरलेलं असतं आणि आतली पोलादी तार त्यातून मागे-पुढे सरकते. तारेच्या टोकाला कडी असते, ती दांडीच्या खुंटीत अडकते. आवरण हललं तर तार सरकायच्या ऐवजी सगळी केबलच सरकते आणि बटण फिरूनही पलीकडे काही होत नाही. म्हणून आधी आवरणावरची क्लिप बघा, मग कडी.

नंतर केबल पलीकडच्या टोकाला सोडवा. एसीचा डबा डॅशबोर्डच्या मध्यावर असतो. टेंपरेचरची दांडी अनेक गाड्यांत ड्रायव्हरच्या डाव्या पायाच्या, म्हणजे क्लचच्या बाजूला सापडते. काहींत ती ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला असते. ग्लोव्ह बॉक्स काढणं सोपं. सामान रिकामं करून त्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली लोंबतो. ड्रायव्हरच्या बाजूला मात्र सीट मागे सरकवून, पाठीवर झोपून, मान वाकडी करून बघावं लागतं.

दांडीवरून कडी काढली की एकीकडे बटण आणि केबल, दुसरीकडे डब्यावरची दांडी, असे दोन भाग वेगळे झाले. आता बटण फिरवून बघा. दोन बोटांनी अलगद फिरलं पाहिजे आणि पलीकडे तारेचं टोक मागे-पुढे सरकताना दिसलं पाहिजे. मग डब्यावरची ती दांडी एका बोटानं ढकला. तीही एका बोटानं जायला हवी आणि दोन्ही टोकांना झडप आपटल्याचा ‘धप्’ असा बारीक आवाज यायला हवा. आता कोण जड आहे ते हाताला कळतं, अंदाज करत बसावं लागत नाही. पॅनल इतकं उघडूनही पुष्कळ ठिकाणी ही साधी पायरी केली जात नाही.

बटण केबलसकट जड असेल तर केबल कुठे दबलीय ते शोधा. अलीकडे याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे नंतर बसवलेला टचस्क्रीन स्टिरिओ. कंपनीच्या जागेत तो बसतो, पण त्याच्याबरोबर आलेला वायरींचा जाडजूड जुडगा मागे कोंबला जातो आणि नेमका एसीच्या केबलवर बसतो. स्टिरिओ घट्ट केला की केबल वाकते. एसीचं बटण स्टिरिओ बसवल्यानंतर जड झालंय का, हा प्रश्न स्वतःला आधी विचारा. तसं असेल तर जुडगा सोडवून, प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून बाजूच्या पोकळीत वळवा. केबलला एकदा मुरड पडली असेल तर ती सरळ करून उपयोग नाही, केबलच बदला. आवरणात तेल ओतण्याचा मोह टाळा. तेलाला धूळ चिकटते आणि उन्हाळ्यापर्यंत आत चिखल होतो. कोकणातल्या गाड्यांत उघडी पडलेली तार गंजून आवरणात धरते, तिथेही बदलणं हाच उपाय.

डब्यावरची दांडी जड असेल तर कारण बहुधा धूळ आणि वाळून गोंद झालेलं जुनं ग्रीस. जुन्या दातांच्या ब्रशनं खुंटीभोवतीची घाण काढा, कापसाच्या काडीनं पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा हरभऱ्याएवढा थेंब लावा. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे नको. काही प्लास्टिकांना पेट्रोलियम तेल मानवत नाही, ती फुगतात किंवा तडकतात. हवेच्या दिशेची केबल असेल तर डब्यावर एक खाचांची चपटी चकती दिसेल, तिला कॅम प्लेट म्हणतात. तिच्या वाकड्या खाचांमधून दोन-तीन दांड्यांच्या खुंट्या फिरतात आणि एकाच बटणानं तोंडावर, पायांवर, काचेवर अशी हवा वळते. खाचेत घाण साचली की नेमकी एक जागा अडते. एखादी खुंटी खाचेतून निसटली की बाकी सगळं चालतं, फक्त काचेवर हवा येत नाही.

आणि कधी कधी दांडी थोडी जाऊन मऊसर अडते, जशी गादीत रुततेय. तेव्हा आत काहीतरी पडलंय. समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर जी लांब फट असते ती थेट या डब्यात उतरते. डॅशवर ठेवलेल्या पावत्या, नाणी, पेनाची टोपणं तिथून आत जातात. माझ्या मेहुण्याच्या गाडीत पार्किंगच्या पावतीची घट्ट सुरळी झडपेच्या बिजागरीत अडकली होती. लांब चिमट्यानं ती ओढून काढली तेव्हा शाई उडालेली आणि मधोमध झडपेच्या कडेची स्वच्छ घडी पडलेली. त्याच्या गाडीची क्लिप त्याआधी गॅरेजमध्ये बदललेलीही होती. ती सुरळी निघाली, दांडी एका बोटानं हलायला लागली आणि तीच क्लिप आजही टिकून आहे.

तुटलेल्या खुंटीला किंवा क्लिपला फेव्हिक्विक लावू नका. हे भाग बहुधा नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचे असतात, त्यांना असं चिकटद्रव्य भरवशानं धरत नाही. वर सांडलेला थेंब दांडी कायमची जाम करतो. केबल, कंट्रोल, कॅम प्लेट हे भाग सुटे मिळतात. कंपनीत मिळाला नाही तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्टच्या बाजारात त्याच मॉडेलच्या गाडीचा पूर्ण कंट्रोल शोधता येतो. जाताना आपला जुना भाग बरोबर घेऊन जा, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक खुंट्यांची जागा बदललेली असते.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो

पॅनल उघडलंच आहे तर हेही बघा, कारण इथेही तीच फसगत होते. ब्लोअर १, २, ३ वर गप्प आणि ४ वर एकदम जोरात चालत असेल तर बटणाचा दोष नसतो. खालच्या नंबरांना वीज एका रेझिस्टरमधून (वीज रोखून पंख्याचा वेग कमी करणाऱ्या भागातून) जाते, शेवटच्या नंबरला थेट. रेझिस्टरवरचा उष्णतेनं उडणारा फ्यूज गेला की वरचा नंबर तेवढा उरतो. हा रेझिस्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, ब्लोअरच्या वाऱ्यात बसवलेला असतो. वाऱ्यानं तो गार राहावा हाच हेतू.

रेझिस्टर बदलला की ब्लोअर चालू होतो आणि काही महिन्यांनी रेझिस्टर पुन्हा जातो. कारण एक तर वारा कमी पडतोय, नाहीतर मोटर जास्त करंट ओढतेय. केबिन फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर वारा कुठून येणार? गुलमोहराखाली लागणाऱ्या गाडीत त्याची बारीक पानं समोरच्या काचेखाली बाहेरून असलेल्या जाळीतून सहज आत जातात आणि ब्लोअरच्या पंख्यात साचतात. उंदीर फोम कुरतडून तिथेच घरटं करतो. बॅटरी सुटलेली असतानाच ब्लोअरचा पंखा हातानं फिरवा. सोडल्यावर तो थोडा फिरत राहून थांबला पाहिजे. घासतोय, अडखळतोय, तर मोटर साफ करा किंवा बदला, आणि मगच नवा रेझिस्टर घाला.

कंट्रोलच्या मागचं ब्लोअरचं सॉकेटही काढून बघा. पांढऱ्या प्लास्टिकवर तपकिरी डाग, एखादी पिन काळी पडलेली, जळका वास, हे जास्त करंटचे पुरावे. अशा वेळी नुसतं बटण बदलू नका, सॉकेटच्या पिनाही बदला. रेझिस्टरवरच्या उडालेल्या फ्यूजच्या जागी तार जोडून देण्याचा जुगाड काही ठिकाणी करतात. तो कुणालाही करू देऊ नका. तिथे आग लागू नये म्हणूनच तो फ्यूज ठेवलेला असतो.

परत बसवताना

केबलची जुळवणी हे या कामातलं सर्वांत निगुतीचं पाऊल. बटण पूर्ण थंड टोकाला न्या. डब्यावरची दांडीही पूर्ण थंड टोकाला ढकलून बोटानं तिथेच धरा. कडी खुंटीत घाला, आवरण हलकेच ताणून त्यातली ढील काढा, आणि मग क्लिप दाबा. आता बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि दोन्हीकडे तो ‘धप्’ ऐका. थंड टोकाला आवाज आला नाही तर झडप बोटभर उघडी राहतेय आणि तुमचं कोमट हवेचं दुखणं तसंच राहणार. क्लिप काढून पुन्हा बसवा. सेंटिमीटरभर फरकानं कूलिंग जातं.

पॅनलच्या मागच्या पत्र्याच्या क्लिपा काढताना डॅशबोर्डच्या भोकात अडकून राहतात. त्या चिमट्यानं काढून आधी पॅनलवर चढवा, नाहीतर पॅनल बसतं पण खडबडीत रस्त्यावर कुरकुरतं. कंट्रोलच्या मागचे छोटे दिवे गेलेले असतील तर ते आत्ताच बदला, त्यासाठी पुन्हा उघडायला लागू नये.

चौकट दाबून बसवायच्या आधी सगळी सॉकेट लावून बॅटरी जोडा आणि चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर स्वतः काही करू नका, गाडी अधिकृत वर्कशॉपला दाखवा. मग धोक्याचे दिवे, स्टिरिओ, ब्लोअरचे सगळे नंबर, एसीचा दिवा. ब्लोअर बंद असताना एसीचा दिवा लागला नाही तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत ब्लोअर चालू असल्याशिवाय एसी सुरू होत नाही.

इंजिन पूर्ण तापू द्या. आतली हवा आत फिरवणारं बटण दाबून, मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला थर्मामीटर खुपसा. बंद काचांत, एसी नीट चालत असेल तर तिथे साधारण ५ ते १२ अंश सेल्सिअस दिसायला हवं. भर उन्हात आणि दमट हवेत थोडं जास्त. मग बटण पूर्ण लाल टोकाला न्या, हवा झपाट्यानं गरम झाली पाहिजे. काचेवरच्या हवेची तपासणी वेगळी करा: बाहेरची हवा आत घेणारी बाजू निवडा, एसी चालू ठेवा, टेंपरेचर जरा गरमकडे न्या. एसी हवेतला ओलावा काढतो आणि उबदार हवा काच सुकवते. वाफ धरलेली काच खालच्या कडेपासून वर अशी साफ होत गेली पाहिजे.

ऑटोमॅटिक एसी असेल तर

तिथे केबलच्या जागी छोट्या मोटरी झडपा फिरवतात. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डमधून ‘टक् टक् टक्’ असा आवाज काही सेकंद येत असेल तर मोटरीतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात गेलेले असतात. पण मोटर काढल्यावर झडपेची दांडी इथेही बोटानं ढकलून बघा. ती जड असेल तर नवी मोटरही तशीच जाईल. मोटर बसवल्यावर तिला दोन्ही टोकं शिकवावी लागतात. काही गाड्यांत बॅटरी काढून लावल्यावर ते आपोआप होतं, काहींत ठराविक बटणं दाबून किंवा स्कॅनर लावून.

कुठे थांबायचं

जाळीतून काळ्या किंवा पिवळट फोमचा भुगा उडत असेल तर झडपेवरचा फोम कुजलाय. झडप बंद झाली तरी कडेनं हवा निसटणार. पायाजवळचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास येत असेल, काचेवर चिकट वाफ धरत असेल, तर हीटर कॉइलमधून कूलंट गळतोय. या दोन्हीसाठी बहुतेक गाड्यांत एसीचा डबा बाहेर काढावा लागतो, त्यासाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि गॅसही यंत्रानं काढून घ्यावा लागतो. हे काम घरी करू नका.

गॅरेजला द्यायचं असेल तरी हीच तपासणी करायला सांगा. केबल डब्याच्या टोकाला सोडवून दांडी एका बोटानं हलतेय का, ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ज्या फिटरला काम येतं त्याला याचा राग येत नाही. बदललेली क्लिप, केबल, रेझिस्टर, जो काही जुना भाग असेल तो मागून घ्या आणि कुठून झिजलाय, कुठे जळलाय ते तिथेच उजेडात बघा.